शरदातलं सूप आणि सासूबाईंचं कढण

पत्र

ताई, तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू आहे. यजमान दिवसभर उन्हात असतात आणि रात्री जेवले की छातीत जळजळ, आंबट ढेकर. सासूबाई 68 वर्षांच्या. गणपतीत ताप येऊन गेला, तेव्हापासून त्यांच्या तोंडाला चव नाही, अर्धी भाकरी कशीबशी जाते. त्यांचा चातुर्मास असतो, कार्तिकीपर्यंत घरात कांदा-लसूण नाही. मी मोबाईलवर बघून ‘शरद ऋतूतली सात्त्विक सुपं’ करायला घेतली. आलं, मिरी, दालचिनी घालून भोपळ्याचं केलं, तर यजमानांची जळजळ वाढली. दुसऱ्या दिवशी भाज्या उकडून, गाळून दिल्या, तर सासूबाई म्हणाल्या, “हे आजाऱ्याचं पाणी मला नको.” नववीतल्या लेकीला हॉटेलसारखं टोमॅटो सूप हवंय. मी शाळेत शिकवते. सकाळी साडेनऊला निघते ती सहाला परत. कांदा-लसणाशिवाय चव कशी आणायची? सकाळी करून ठेवलेलं संध्याकाळी गरम करून दिलं तर चालेल का? आणि रात्री नुसत्या सुपावर भागेल का?

— एक वाचक, तासगाव

उत्तर

तुमचं पत्र वाचताना त्या आलं-मिरी-दालचिनीपाशी मी थांबले. जळजळ वाढली यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. ती कृती थंड मुलखातली आहे. तिकडे या दिवसांत पानं गळतात, अंगावर लोकर चढते, माणसाला आतून ऊब हवी असते. मग भोपळ्यात दालचिनी, मिरी, आलं घालणं तिथे शहाणपणाचंच. आपल्याकडे आश्विनात काय असतं? पाऊस ओसरलेला, आभाळ स्वच्छ आणि ऊन असं की बागेत दहा वाजताच डोकं तापावं. नाव ‘शरद’ तेच, पण हवा अगदी उलटी. तिकडच्या शरदातलं सूप आपल्या शरदात पाजलं, तर ज्याला आधीच जळजळ आहे त्याला ते कसं मानवावं?

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत हे स्पष्ट सांगितलं आहे. पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हाने खवळतं. ‘वैद्यानां शारदी माता’ असं जुने लोक म्हणत, कारण याच दिवसांत वैद्यांच्या ओसरीवर गर्दी असायची. या ऋतूला गोड, कडू आणि तुरट चव मानवते. आंबट, खारट, तिखट बेताने. दही, तळलेलं, तडस लागेपर्यंत जेवण, कडक ऊन, दुपारची झोप टाळायला सांगितलं आहे. आणि खायला काय सांगितलं आहे? साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा. तुमच्या बाजाराच्या पिशवीत ही नावं आधी जाऊ द्या, बाकीचं नंतर बघू.

आता ‘सात्त्विक’ या शब्दाबद्दल. कांदा-लसूण काढला की झालं सात्त्विक, असा एक समज आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचं वर्णन ‘रस्याः स्निग्धाः स्थिरा हृद्या’ असं केलं आहे. म्हणजे रसदार, थोडा तुपातला, अंगी लागणारा आणि मनाला भावणारा. त्याच्या पुढच्याच श्लोकात अति कडू, अति आंबट, अति खारट, अति उष्ण, तिखट, कोरडं, जळजळ करणारं अन्न राजस म्हटलंय. तुमचं पहिलं सूप कांदा-लसणाविना होतं, तरी विदाही, म्हणजे जळजळ करणारं होतं. दुसरं विदाही नव्हतं, पण स्निग्धही नव्हतं आणि स्थिरही नव्हतं. सासूबाईंनी ते ओळखलं. त्यांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, त्या बरोबरच बोलल्या.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. वडिलांना टायफॉइड झाला होता. ताप उतरल्यावर दहा-बारा दिवस मी त्यांना रोज दोन वेळा भाज्यांचं सूप देत होते. गाजर, दुधी, कोबी, सगळं उकडायचं, गाळणीत दाबून रस काढायचा आणि चोथा गाईच्या घमेल्यात टाकायचा. सूप दिसायला नितळ, वासाला छान. पण वडिलांच्या मनगटाची हाडं रोज थोडी जास्त वर यायला लागली. आमच्या ओळखीचे एक म्हातारे वैद्य भेटायला आले, त्यांनी भांडं बघितलं आणि विचारलं, “यात डाळ कुठाय?” बस, एवढंच. त्या दिवसापासून मुगाचं कढण सुरू केलं, वर तूप. चौथ्या दिवशी वडिलांनी स्वतःहून भात मागितला. तेव्हापासून माझ्या घरात गाळून सूप होत नाही.

म्हणून तुमच्या घरातल्या सुपाचा पाया मूग धरा. 100 ग्रॅम मूगडाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात, पचायला ती बाकीच्या डाळींपेक्षा हलकी, आणि शिजून विरघळली की सूप आपोआप दाट होतं. कॉर्नफ्लोअर लागत नाही, साय लागत नाही. साय-दूध तर मिठाच्या सुपात घालूच नका. दूध आणि मीठ आयुर्वेदाने विरुद्ध मानलं आहे. फारच मऊपणा हवा असेल तर नारळाचं दूध घाला.

आणि सासूबाईंसमोर ‘सूप’ म्हणू नका, ‘कढण’ म्हणा. खरं तर ‘सूप’ हाही आपलाच शब्द आहे. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ, आणि स्वयंपाक्याला सूपकार म्हणत. इंग्रजी सुपाशी त्याचं नातं असो-नसो, वाटीतला पदार्थ तोच. हे त्यांना सांगून बघा, कदाचित आवडेल.

आता कांदा-लसणाच्या चवीचं. कांदा सुपात दोन कामं करतो, गोडवा देतो आणि अंग देतो. लसूण वास देतो. ही कामं दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, की उणीव जाणवत नाही. अंग मुगाने येतं. गोडवा भाजी तिच्याच पाण्यात मुरवली की येतो. वास तुपातल्या जिऱ्या-कढीपत्त्याचा. एक कृती सविस्तर सांगते, बाकीची तिच्यावरून जमतील.

अर्धी वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजत घाला. अर्धा किलो दुधी घ्या. चिरण्याआधी देठाकडची एक चकती कापून जिभेच्या टोकाला लावा. हे विसरू नका. दुधी कडू लागला तर सरळ टाकून द्या. शिजवून ते विष जात नाही. कडू दुधीने उलट्या, जुलाब होतात आणि कधी रक्ताची उलटी होण्यापर्यंत वेळ येते. चकती गोडसर लागली की साल काढून फोडी करा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे साजूक तूप, त्यात फोडी आणि मीठ. झाकण ठेवा, झाकणावर पाणी घाला, आच मंद. सात-आठ मिनिटांनी झाकण उघडलंत की फोडी कडेने काचेसारख्या दिसायला लागतात आणि तळाशी त्यांचंच पाणी सुटलेलं असतं. सुपाचा गोडवा या पाण्यात असतो. पहिल्यापासून पाण्यात उकडलेल्या दुधीला तो कधीच येत नाही.

मग हे सगळं भिजलेल्या डाळीसकट कुकरमध्ये, चार वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि तीन शिट्ट्या. हळदीसाठी तुम्हाला लांब जायला नको, सांगलीची पेठ जवळच आहे. फक्त चिमूट म्हणजे चिमूटच, हळदही उष्ण आहे. कुकर निवला की रवीने घुसळा. मिक्सर नको. मिक्सरमधून ते खळीसारखं गुळगुळीत होतं. रवीने घुसळलं की मधूनमधून मऊ कण राहतात, जिभेला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. चव गेलेल्या माणसाला ते फार लागतं.

शेवटी फोडणी. पळीत एक चमचा तूप तापवून अर्धा चमचा जिरं टाका. आधी फेस येतो, मग फेस विरतो आणि जिरं तांबूस होतं. त्याच क्षणी कढीपत्ता टाकून पळी सुपात बुडवा आणि लगेच झाकण ठेवा. जिरं काळं पडू देऊ नका. वरून भाजलेल्या धन्या-बडीशेपेची पूड पाव चमचा आणि कोथिंबीर. धने, जिरं, बडीशेप हे या ऋतूचे मसाले. मिरी, दालचिनी, लवंग डब्यातच राहू द्या. आलं घालायचंच तर एखादा कीस. हिंगाचं सासूबाईंना विचारा. काही घरांत चातुर्मासात हिंगही घालत नाहीत, आणि बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असतो. नाही घातला तरी चवीला काही बिघडत नाही.

याच पद्धतीने पडवळ करा. बिया काढून, डाळ थोडी जास्त. पडवळाला मुळातच जरा कडसर वास असतो, तो पित्ताला चांगला. मात्र जीभ कडवट होण्याइतकं कडू असेल तर तेही टाका. कोहळाही करा. खंडेनवमी-दसऱ्याला कोहळा कापायची रीत आहे, तेव्हा मंडईत भरपूर मिळतो. पूजेनंतर तो दारात सुकत ठेवण्यापेक्षा दुसरा एक पोटासाठी आणा. शास्त्रातलं कूष्मांड म्हणजे हाच, आपला तांबडा भोपळा नव्हे. पित्तासाठी यजमानांना कोहळ्यासारखी भाजी नाही.

सासूबाईंसाठी मात्र अख्ख्या मुगाचं कढण. एक वाटी मूग कोरडेच मंद आचेवर भाजा, वास सुटेपर्यंतच. मग आठ वाट्या पाण्यात मऊ शिजवा, घोटा. पहिले दोन दिवस त्यात फक्त सैंधव आणि कणभर जिरेपूड. आयुर्वेदात यूषाचे, म्हणजे कढणाचे, दोन प्रकार आहेत, अकृत आणि कृत. अकृत म्हणजे तूप-मसाल्याशिवाय, कृत म्हणजे तूप-मसाल्यासह. भूक मंद असेपर्यंत अकृताच्या जवळ राहायचं. त्या स्वतः “अजून आहे का?” म्हणाल्या की तुपाची फोडणी सुरू करायची. मग त्यात ज्वारीची मऊ भाकरी कुस्करून द्या. अर्धी भाकरी कोरडी जात नाही, तीच कढणात पाऊण कधी होते ते कळतही नाही. वर एक चमचा आमसुलाचं पाणी चवीला चालेल, जास्त नको.

मात्र गणपती होऊन इतके दिवस झाले आणि अजून अन्न जात नाही, हे नुसत्या कढणावर सोडू नका. वजन उतरलं असेल, गिळताना अडत असेल, बारीक ताप राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या. त्यांना रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील तर मीठ आणि डाळ किती, हेही तिथेच विचारा. सैंधव हेही मीठच आहे.

लेकीच्या टोमॅटोचं. जुन्या ग्रंथांत टोमॅटो सात्त्विक की राजस हे सापडणार नाही, कारण तो आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याच्या गुणावरूनच ठरवावं लागतं. तो आंबट आहे, आणि ज्यांना जळजळ होते त्यांची तो बहुधा वाढवतो. यजमानांना नकोच. पण नववीतल्या पोरीला पित्त नाही, तिला पूर्ण नकार कशाला? तांबड्या भोपळ्याच्या दोन वाट्या फोडी, एक गाजर, एकच पिकलेला टोमॅटो आणि दोन चमचे मूगडाळ. रंग केशरी-लाल येतो, आंबटपणा कोपऱ्यात राहतो. वर तूप घालाच. भोपळ्या-गाजरातलं ते केशरी सत्त्व चरबीसोबतच अंगी लागतं. हॉटेलच्या सुपात साखर आणि कॉर्नफ्लोअर असतं, ते तिला करून दाखवण्यापेक्षा हे तिच्याच हातून करवून घ्या.

आंबट खावंसं वाटणाऱ्या बाकीच्यांसाठी आवळ्याचं सार आहे, आणि हे माझं फार आवडतं. दिवाळीच्या आगेमागे आवळे मंडईत येतात. तीन आवळे उकडून गर काढा. अर्धी वाटी ओलं खोबरं, जिरं आणि थोडी कोथिंबीर घालून गंधासारखं वाटा. तीन वाट्या पाणी, मीठ, सुपारीएवढा गूळ. तुपात जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्यायची आणि कडेने वाफ दिसली की उतरवायचं. उकळलं तर खोबरं फुटून चोथापाणी होतं. आवळा आंबट असूनही पित्त शमवतो, ही त्याची खासियत. टोमॅटोच्या साराची आठवण येत नाही.

नवरात्राचे उपवास तुमच्याकडे असतील तर तांबडा भोपळा तुपात मुरवून, शिंगाड्याचं पीठ एक चमचा लावून, जिरं आणि सैंधव. हळद, धने नाहीत. रोज दाण्याची आमटी नको, ती पित्त वाढवते.

आता तुमच्या वेळेचं, कारण सगळं शेवटी तुमच्या दोन हातांवर आहे. सकाळी साडेनऊला केलेलं संध्याकाळी सात-साडेसातला म्हणजे तीन प्रहर होऊन गेले. गीतेत ‘यातयाम’ अन्न तामस म्हटलंय, म्हणजे शिजून प्रहर उलटलेलं. ते बाजूला ठेवलं तरी आश्विनातल्या उकाड्यात ओट्यावरचं मुगाचं पाणी दुपारीच आंबतं. नको. त्याऐवजी सकाळी निघताना अख्खे मूग पाण्यात घालून जा, संध्याकाळी ते फुगून तयार असतात. मूगडाळ मात्र दिवसभर भिजत ठेवू नका, आंबूस होते. लेक तुमच्या आधी घरी येत असेल तर डाळ धुऊन भिजवणं आणि दुधी चाखून चिरणं तिच्याकडे द्या. तुम्ही आल्यावर चहा घेईपर्यंत भाजी मुरते, कुकर होतो. अर्ध्या तासाचं काम आहे. एखाद दिवशी शाळेतून यायला उशीर झाला, दमलात, तर साधी मूगडाळीची मऊ खिचडी पातळ करा, वर तूप. ती सात्त्विकच आहे, मनात काही आणू नका. आणि सूप उरलंच तर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी थालीपिठाच्या पिठात घाला.

नुसत्या सुपावर रात्र काढू नका, निदान यजमानांनी तरी. दिवसभर छाटणीला उभा राहिलेला माणूस आहे. त्यांना आल्या आल्या वाटीभर सूप द्या, कोमट. अगदी कढत नको, ‘अत्युष्ण’ हेही त्या राजस यादीत आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी भात किंवा भाकरी आणि एक साधी भाजी. आठच्या आत जेवण झालं आणि पुढचे दोन-अडीच तास ते आडवे झाले नाहीत, तर निम्मी जळजळ तिथेच कमी होईल. बागेत रिकाम्या पोटी चहावर चहा होत असेल तर तो आधी बघा. इतकं करूनही पंधरा दिवसांत फरक नाही, किंवा छातीत दुखून हाताकडे-जबड्याकडे कळ जाते, घाम फुटतो असं काही झालं, तर पित्त म्हणून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा.

कार्तिकी झाली, पहाटे धुकं पडायला लागलं की हे सगळं बदला. मग मिरी, सुंठ, आलं खुशाल काढा. हुलग्याचं माडगंही तेव्हाच. सासूबाईंना ते येत असणारच, पण हुलगा उष्ण आहे, मार्गशीर्षापर्यंत थांबा. तोवर हुलगे निवडून, ऊन देऊन डब्यात भरून ठेवा.